प्रेसिलाचं मशीन

बोंदेल, मंगळूर
१८ जानेवारी २०२४

चि. प्रेसिलास अनेक आशीर्वाद.

कामाचं आहे म्हणून लिहितो. मठात तुझं नाव बदललंय हे मला माहीत आहे, पण आत लिहिताना हात जुन्याच नावाकडे गेला.

तुझं कॉम्प्युटरचं मशीन अडलंय. लाकूडकामाची चित्रं मी त्याच्यावरच काढतो, तूच शिकवून गेलीस. आता एका चर्चची नवी वेदी करायला घेतली आहे. तिथल्या फादरना चित्र सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचंय. मी फिरवायला लागलो की पडद्यावर पट्टे येतात आणि सगळं थिजतं. दुकानदार येऊन बघून गेला. म्हणाला, ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय, मशीनही अकरा वर्षांचं, टाकून द्या आणि नवं घ्या. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. मांय म्हणते, म्हातारा शब्द मलाच लागला.

नुसतं कार्ड बदलता येईल का, कोणतं घ्यायचं, कसं बसवायचं, ते लिही. ईस्टरनंतरच्या रविवारी चित्र दाखवायचं आहे. मांयचे गुडघे दुखतात. बाकी ठीक.

तुझे पप्पा,
बेनेडिक्ट रेगो


मठ, म्हैसूर
२ फेब्रुवारी २०२४

ती. पप्पांस सा. न. वि. वि.

पाकिटावर तुमचं अक्षर बघून मी आधी घाबरलेच. वाटलं, मांयला काही झालं. आठ वर्षांत तुमच्याबद्दल तिच्या पत्रांत एवढंच यायचं, की पप्पा बरे आहेत.

आमची पत्रं आधी मदर क्लारा वाचतात. त्यांनी विचारलं, हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय. मी म्हटलं, पडद्यावरचं चित्र रंगवणारा कारागीर. मग त्यांनी मला एकाऐवजी दोन कागद दिले.

मशीन अजिबात टाकू नका. ते जोडलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, डोळे मिटले तरी आतलं सगळं दिसतं. विजेचा डबा जुना आणि अशक्त आहे, म्हणून ज्याला वेगळी वीजतार लागत नाही असंच कार्ड मागा. लांबीला नऊ इंचांच्या आत हवं, नाहीतर हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडेल. मशीन बंद करा, तार भिंतीतून काढा, आणि आत हात घालण्याआधी पेटीच्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली वीज उतरेल. जुन्या कार्डाच्या टोकाशी चिमुकली खिट्टी आहे, ती दाबल्याशिवाय ओढू नका. नवं कार्ड खाचेत सरळ दाबा. फळी खाचेत बसल्यावर तुमच्या हाताला कळतं, तसंच कळेल.

चौदा तारखेला राखेचा बुधवार, उपासकाळाचा पहिला दिवस. तिथपासून ईस्टरपर्यंत आम्हाला पत्रं लिहिता येत नाहीत, आलेलीही मिळत नाहीत. अडलं तर लगेच कळवा.

मांयला गोड पापा. तुमच्या मायेला भुकेलेली,
प्रेसिला


बोंदेल
१२ फेब्रुवारी २०२४

चि. प्रेसिलास अनेक आशीर्वाद.

कार्ड आणलं. तू नऊ इंच लिहिलंस, मी पट्टी लावली तर पावणेनऊ भरतात. एवढी चूक माफ. आणलेलं कार्ड सात इंचांचं आहे. पेटीत पालीची दोन अंडी निघाली, मांयने किंचाळून शेजारी गोळा केले. खिट्टी दाबली, जुनं काढलं, नवं बसवलं, हाताला कळलंही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. पाच वेळा करून बघितलं. आता काय करू?

पप्पा


मठ, म्हैसूर
२ एप्रिल २०२४

प्रिय मांय, सा. न. वि. वि.

ईस्टरच्या शुभेच्छा. पप्पांचं फेब्रुवारीतलं पत्र मला काल मिळालं, पण त्याचं उत्तर तर केव्हाच देऊन झालं! घरी आल्यावर त्यांनी तुला किती सांगितलं असेल याची कल्पना आहे, म्हणून मीच लिहिते.

एकोणीस मार्चला संत जोसेफचा सण. सुतारांचा आणि बापांचा, म्हणून त्या दिवशी आमचे वडील भेटू शकतात. आठ वर्षं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात काम मागून घ्यायचे. या वर्षी दारावरच्या सिस्टर धावत आल्या. म्हणाल्या, एक म्हातारे गृहस्थ चादरीत मोठं गाठोडं बांधून आलेत, आणि ते कोणाला उचलूही देत नाहीत.

मांय, सगळा घाट ते मशीन मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने गाठोड्यात काय आहे विचारलं, तर म्हणाले, माझ्या लेकीचं आहे, तिला दाखवायला नेतोय.

भेटीच्या खोलीत मधे जाळी असते, तिच्या त्या बाजूला त्यांनी मशीन टेबलावर ठेवलं. आम्ही चर्चांसाठी प्रसादाची भाकरी बनवतो, तिच्या मागण्या ज्याच्यावर लिहितो, तो कॉम्प्युटरचा पडदा मदर क्लारांनी आणून दिला. मी इकडून बघितलं, तर पप्पांनी पडद्याची तार वरच्या, मशीनच्या मूळ भोकात खोचलेली. मी म्हटलं, ती खाली, नव्या कार्डाच्या भोकात घाला. घातली आणि पडदा उजळला. ते म्हणाले, असं होय.

मग त्यांनी मला वेदी दाखवली. हळूहळू फिरवून, चारी बाजूंनी. पुढे द्राक्षांचा वेल आहे, आणि मागे, जिथे कोणी बघणार नाही, तिथेही आहे. मी वेलाची पानं मोजत राहिले. तेच बोलले. मी मठात जाणार हे शेजारच्या ग्रेसीलाही माहीत होतं, त्यांना मात्र मी सर्वांत शेवटी सांगितलं, एवढंच त्यांना लागलं होतं. मी म्हटलं, पप्पा, तुम्ही एकदा नको म्हणाला असतात तर मी गेलेच नसते, म्हणून घाबरले. त्यांनी वेदी पुन्हा एकदा पूर्ण फिरवली. मग जाळीला बोटं लावली, मी माझी लावली.

तुझी,
प्रेसिला


बोंदेल
९ एप्रिल २०२४

माझ्या प्रेसिलास मांयचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोरीत जाऊन वाचलं, कारण हे समोर बसले होते आणि विचारत होते काय लिहिलंय. आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की मशीन झालं आणि पोरगी बारीक झालीये.

रविवारी चित्र दाखवलं. फादर खूश आहेत, लाकूड आणायला सांगितलंय.

आता एक सांगते, आणि मदर क्लारांनीही मनात ठेवावं. तेरा फेब्रुवारीला सकाळी ग्रेसीची सून आली होती. तिने तार बघितली, काढून खाली लावली, आणि पडदा तेव्हाच सुरू झाला. महिनाभर हे त्याच्यावर काम करत होते. अठरा मार्चला संध्याकाळी मशीन चादरीत बांधायला लागले. मी म्हटलं, अहो, ते तर चालतंय! तर माझ्यावरच खेकसले, म्हणाले, तुला काय कळतं, तिने जोडलंय, तिनेच बघायला हवं. मी वाटेत खायला तांदळाचे सन्ना बांधून दिले.

तुझी वाट बघायला शिकलेली,
मांय


मठ, म्हैसूर
२० एप्रिल २०२४

ती. पप्पांस सा. न. वि. वि.

वेदी पसंत पडली हे मांयकडून कळलं. मदर क्लारांनी घंटा दोनदा वाजवली, एकदा प्रार्थनेची आणि एकदा तुमची.

आता कामाचं. घाटातल्या धक्क्यांनी नवं कार्ड खाचेत सैल झालेलं असू शकतं. हे पत्रातून सांगता येण्यासारखं नाही, मला स्वतः बघावं लागेल. जूनच्या पहिल्या शनिवारी भेटी असतात, मदर क्लारांशी बोलून ठेवलंय. मशीन घेऊन या. मांयलाही आणा, खिडकीची जागा तिला द्या. पडदा आमचा आहेच.

आणि पप्पा, तार घरून लावून आणू नका. कुठल्या भोकात घालायची, ते मी इथे सांगेन.

वाटेकडे डोळे लावून बसलेली, तुमचीच,
प्रेसिला