बारा मिनिटांचं भाषण

प्रिय हेमांगी,

त्या रविवारचं माझं महिला दिनाचं भाषण बारा मिनिटं चाललं. चारदा टाळ्या पडल्या, एक शाल मिळाली. आणि त्यापायी आदल्या दिवशी मी तुला दारातून परत पाठवलं. आज अकरा दिवस झाले, तुझा फोन बंद आहे.

भाषण तूच लिहून दिलेलंस. सातवी शिकलेला तुझा बाप माईकवर शोभतो तो तुझ्या अक्षरामुळे. माझ्या आजीचा किस्सा तेवढा माझा: हौसाबाई गावातून पहिल्यांदा महिला परिषदेला निघाली आणि दगडूआजोबांनी स्वतः स्टेशनवर जाऊन तिला गाडीत बसवून दिलं. आमच्या घरात बाई कधी अडली नाही, असं मी छाती काढून सांगतो.

मानपाड्याच्या वर्कशॉपमध्ये कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलंय, ते मी बाहेर रस्त्यावरूनच आवाजावरून ओळखतो. मग शनिवारी जिन्यावर तुझं एक पाऊल घासत येत होतं, ते ऐकू येणार नाही का? दार उघडायच्या आधीच कळलेलं, की जावईबापूंनी पुन्हा हात उचललाय. तरी म्हणालो, अगं, उद्या पाहुणे यायचेत, लोक विचारतील, भाषण होऊ दे, मग बघू. तोवर सांभाळून घे. तुझ्या भावाने, सिद्धेशने, सहा महिन्यांत बायको सोडली तेव्हा मीच धावत वकील गाठलेला. पोराची घुसमट होते, म्हणालो. सुनेची, रुचिताची, चूक काय, ते विचारलंही नाही. आणि तू? कठडा धरत, थांबत थांबत उतरलीस. तेही ऐकलं.

सोमवारी तुझ्या सासरी गेलो तर तू तिथे परतलीच नव्हतीस. मग हॉस्पिटलं झाली, पोलीस चौकी झाली. तुझी आई ताट वाढते आणि आत निघून जाते.

काल तुझी मैत्रीण ऋजुता माजिवड्याला भेटली. जिवंत आहे, म्हणाली. पत्ता देणार नाही काका, पत्र दिलंत तर पोचवेन. तसंही तुम्हाला शब्द चांगले जमतात. म्हणून हे लिहितोय. घरी ये म्हणायला तोंड नाही मला. फक्त एकदा फोन लाव, बाळा. बोलू नकोस, शिव्याही देऊ नकोस, नुसता कानाला धर, मी ऐकेन. आणि माझ्या सांगण्यावरून तू भाषणात आजीचा जो किस्सा लिहिलास तो खोटा होता. खरं काय ते आजीनेच मला सांगितलेलं. आजोबा स्टेशनवर गेलेच नव्हते. ती परिषदेहून परतली तेव्हा त्यांनी आतून कडी घातली, आणि तीन रात्री ती शेजारणीच्या ओसरीवर झोपली.

तुझाच,
पप्पा