थेंबाचं शेपूट

बुधवार, हदगाव. संध्याकाळचे सात.

भिंत उद्या सगळ्यांना दाखवायची आहे आणि भिंतीवरचे थेंब चुकलेत. माझ्यामुळे.

परवा पेंटर रहीमभाई शाळेच्या भिंतीवर पाऊस काढत होते. त्यांनी थेंब गोल काढले, तर मीच सगळ्या सातवीसमोर आवाज चढवला, "थेंबाला वर टोक असतं, एवढंही माहीत नाही?" ते हळूच म्हणाले, "मॅडम, रंग ब्रशला लोंबतो तवर शेपूट ऱ्हातं. सुटला की गोल." पोरं हसली. मीही हसले. का हसले मी? त्यांनी मुकाट्याने एकेका थेंबाला शेपूट जोडलं.

आज उद्याच्या भाषणासाठी वाचायला बसले. पाण्याचा पृष्ठताण लहान थेंबाला गोल आवळून धरतो. मोठा थेंब पडताना खालून हवा दाबते, म्हणून तो बुडाशी चपटा होतो, पावासारखा. शेपूट कुठेच नाही. इतकी वर्षं विज्ञान शिकवतेय, आणि थेंब पाहिला तो फक्त चित्रात!

उद्या पालक येणार, मुख्याध्यापक तिथेच उभे असणार. शेवटी रहीमभाईंना फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. वाटलं, आता सुनावतील. तर म्हणाले, "सकाळी लवकर येऊन शेपटं पुसून टाकतो मॅडम, फिकर करू नका. पोरांनी विचारलं तर सांगतो, पेंटरचंच चुकलं म्हणून."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"बरं" म्हणाले मी.