चांदणीला दाणा नाही

मी, पारूबाई मारोती सोनकांबळे, वय एकाहत्तर, राहणार भोकर, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र पूर्ण भानावर राहून, कुणाच्या दबावाखाली न येता करून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं जाग्यावर आहे.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगा धम्मानंद यास. वरातीच्या घोडीचं खोगीर, झूल आणि घुंगरंही त्यालाच. त्याच्या बापाच्या हातची आहेत, विकू नयेत.

२. दीर दयानंद यांस माझ्या नवऱ्याचा जरीचा फेटा. प्रत्येक मांडवापाशी घोडीला गूळ चारायची हौस यांचीच. फेटा घ्यावा, तबेल्यात पाय ठेवू नये.

३. चांदणी घोडी सून लुंबिनी हिला. धम्मानंदला राग येईल. त्याचा घोडीवर लई जीव आहे. पण आमच्या घरी कार्याचं पहिलं ताट घोडीपुढं ठेवतात, आणि धम्मानंदला कुणालाच नाही म्हणता येत नाही. नातीच्या बारशाला चांदणीनं ज्वारी, गूळ, पोळ्या खाल्ल्या आणि पुढचे खूर तापून आडवी पडली. उदगीरहून आलेले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, दाण्यातलं पिष्ट आणि गुळाची साखर हिला सोसत नाही, पुन्हा असं झालं तर उठायची नाही. तरी धम्मानंद भाकर घेऊन गेलाच. "आई, मुकं जनावर हाय, तोंडाकडं बघून राह्यलं." लुंबिनीनं भाकर हातातून काढून घेतली.

४. खुराक असा: मारवेलचं वाळलं गवत तासभर भिजवून, पाणी फेकून द्यावं, गवतातली साखर त्यात उतरते. सोबत तेलगिरणीतलं सोयाबीनचं टरफल आणि थोडं मीठ. ज्वारी, मका, हरभरा, भरडा बंद. तयार खाद्य घ्यायचं तर पिष्ट किती ते आधी विचारावं. दुकानदार नुसतं 'लई ताकद येते' म्हणाला तर रिकाम्या हातानं परत यावं.

५. लुंबिनीनं माझ्या चहातली साखर बंद केली, गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. मी तिला गल्लीभर चिक्कू म्हणून आले. चिक्कू आहेच ती. म्हणून माझी शुगर ताब्यात आहे, आणि म्हणूनच घोडी तिला. डब्याची किल्लीही तिच्याकडेच राहील.

६. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला लोक जमतील आणि सवयीनं ताट घेऊन तबेल्याकडं निघतील. जाऊ देऊ नये. घोडीपुढं तिचं भिजवलेलं गवत टाकावं. पहिलं ताट लुंबिनीपुढं ठेवावं, आणि ती पोटभर जेवेपर्यंत दुसऱ्या कुणाला वाढू नये.

सही: पारूबाई मारोती सोनकांबळे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. पिशवीत गूळ नाही हे बघूनच आम्हाला आत घेतलं.
साक्षीदार: आनंदराज हटकर, शेजारी
बुद्धप्रिया वाघमारे, शिक्षिका

भोकर, ९ फेब्रुवारी २०२५