टीव्हीवरची चादर

प्रिय शालन,

काल महानंदानं टीव्हीवर चादर टाकली. तीच, तुझी मोरांची. गौरीची बारावी आहे ना! चादरीचे कोपरे ओढता ओढता सूनबाई मधेच थांबली आणि भिंत धरून खाली बसली. मी उठलो, तर म्हणते, “काही नाही मामा, जरा गरगरलं. पेपर होऊ द्या की, मग दाखवते.”

माझं डोकंच फिरलं. शालन, हे वाक्य तुझं आहे! तूच शिकवलंस तिला! म्हणून लिहायला बसलोय. दोन वर्षं गप्प होतो, आज भांडणार आहे. “हळू बोला, पोरगी वाचतीया,” म्हणून मला दटावायची सोय आता तुला नाही.

परीक्षा आली की आपलं घर मुकं व्हायचं. आपल्या राजूच्या दहावीपासूनची तुझी शिस्त! टीव्हीवर चादर, वळसंगच्या पाहुण्यांना वळसंगलाच थोपवायचं, कुकरनंसुद्धा बेतानं शिट्टी द्यायची. हे मी सोसलं. पण माझ्या कविता? संध्याकाळी गच्चीवर वारं सुटायचं, शाळेतली एखादी कविता आपसूक ओठांवर यायची. दुसऱ्या कडव्याला पोचतो न पोचतो तोच खालून तुझी हाक, “रेडिओ बंद करा ओ! पोरीचं गणित हाय उद्या!” अगं, कवितेनं कुणाचं गणित बुडालंय कधी?

तेव्हा मी हसायचो. आता हसू येत नाही. त्याच चादरीखाली तू तुझं दुखणंही झाकलंस! छातीवर हात ठेवून ओवा चावायचीस आणि मला म्हणायचीस, “पित्त हाय. एवढं काय घाबरताय?” कळ पार हातात उतरते, हे एकट्या महानंदाला ठाऊक. तिला शपथ घातलेली. का, तर “ह्यांच्या तोंडात तीळ भिजत न्हाय, पोरीपुढं रडत बसतील.” तुझ्या दहाव्याला सूनबाईनं रडत रडत सांगितलं मला. एवढा परका होतो मी तुला?

गौरीच्या दहावीचा शेवटचा पेपर भूगोलाचा. सकाळी तिच्या हातावर दहीसाखर ठेवून “सावकाश लिही” म्हणालीस. ती परतली तेव्हा दारात चपलांचा ढीग. ज्या पेपरासाठी तू थांबलीस, तो कसा गेला, हे त्या पोरीला कुणी विचारलंसुद्धा नाही!

आज सकाळी मी ओरडलो. “आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला!” राजू म्हणाला, “अण्णा, हळू. गौरी ऐकेल.”

“ऐकू दे की!”

गौरी बाहेर आलीच. आईकडे पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या. “चल आई. मी रिक्षा थांबवते.”

“अगं, तुझा अभ्यास?”

“मागच्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं,” ती म्हणाली.

बीपी बघून डॉक्टर राजूवर चांगलेच कडाडले. औषधं दिली, पडून राहायला सांगितलं. वेळेत आलात, म्हणाले. वेळेत! हा शब्द ऐकून तुझ्यावरचा राग कमी झाला असेल, असं समजू नकोस. दुप्पट झाला.

येताना रिक्षात मी गौरीला विचारलं, “त्या वेळी भूगोल कसा गेला होता गं?”

ती बाहेर बघतच म्हणाली, “सोपा होता, आबा.”

सोपा होता, शालन! ऐकलंस?

आता शब्द देतो. या घरात कुणाचंही दुखणं कुठल्याही पेपरासाठी ताटकळणार नाही. मी ओरडेन, गल्ली गोळा झाली तरी ओरडेन. आणि आज संध्याकाळी गच्चीवर कविता म्हणणार, चांगली मोठ्यानं. परवा मराठीचा पेपर आहे, गौरीनंच सांगितलंय म्हणायला.

टीव्ही उघडाच आहे. कुणी लावलेला नाही. तुझी चादर पांघरून महानंदा भरदुपारी झोपलीय.

तुझाच रेडिओ,
सिद्राम