माझे घर, पाच कड्या आणि साक्ष

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, अविवाहित, तयार कपड्यांच्या कारखान्यात सॅम्पल रूममध्ये एकतीस वर्षे नोकरी केलेली आणि त्यामुळे तोंडावर व पाठीमागे ‘सॅम्पलताई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले. म्हणताना ते माझ्याकडे न बघता पुतण्याकडे बघत होते, म्हणून हा कागद.

मी पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. आणायला दोघे आले होते, त्यांना दारातूनच वाटेला लावले. माझी स्मरणशक्ती शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या पुतण्याने एक दिवस रजा टाकून, मला गाडीत घालून नेऊन मिळवला. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. सफरचंद, टेबल, किल्ली. आज आठवा दिवस आहे. दाखल्याची एवढी काय घाई, असे विचारल्यावर पुतण्या म्हणाला, “आत्या, उद्या कुणी म्हणायला नको की तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं.” अगदी बरोबर बोलला.

कलम १. घर. दोन खोल्या, मोरी आणि मागचा गळका पत्रा, हे सगळे माझ्या पश्चात या पुतण्याला एकट्याला मिळावे. मृत्युपत्र नसते तर घर माझ्या कैलासवासी भावाच्या चारही मुलांत वाटले गेले असते, आणि त्या चौघांना खिडकीसुद्धा भांडल्याशिवाय उघडता येत नाही. दवाखान्यात माझी ने-आण यानेच केली, म्हणून त्याला. मात्र त्याने कलम ४ वाचावे, आणि बसून वाचावे.

कलम २. बँकेतली ठेव माझ्या वहिनीला. “बाईच्या जातीनं कामावर इतकं तोंड चालवू नये” हे वाक्य मी तिच्याकडून तीस वर्षे ऐकले आणि माझे डोके उठले. तरी या आजारपणात रोजचा डबा तिनेच पाठवला, मीठ बेताचे घालून. तिने हे पैसे स्वतःवर खर्च करावेत. मुलांत वाटून टाकले, तर मेल्यावरसुद्धा मला राग येईल.

कलम ३. हत्यारे. सॅम्पल रूम म्हणजे जिथे नव्या कपड्याचा पहिला नग तयार होतो ती खोली. तिथे कापायचे काम कटिंग मास्तरांचे. कागदोपत्री मी त्यांची मदतनीस. प्रत्यक्षात गेली वीस वर्षे कागदी नमुने मी आखले, कापड मी कापले आणि मास्तरांनी त्यावर स्वतःचे नाव घातले. पगार अर्थातच नावाप्रमाणे मिळाला. मी एकदा मालकांना विचारले की मला मास्तर का करत नाही. ते म्हणाले, “ताई, बाईला मास्तर म्हणायचं तरी कसं?” एवढ्यावरून वीस वर्षे गाडी अडली. हात टेकले मी या माणसांपुढे.

माझी मोठी कात्री, लोखंडी पट्टी आणि दोनशे सोळा नमुने काजवालीला द्यावेत. ही बावीस वर्षांची मुलगी काज-बटणाच्या मशीनवर बसते. बसायची, म्हणायला हवे. तिचा हात स्थिर आहे, आणि चूक झाली तर ती आधी सांगते. कात्रीने कागद कापू नये, धार जाते.

खोक्यातल्या पाच कड्या मालकांना पोचत्या कराव्यात. सॅम्पल रूमला लागून ट्रायलची खोली आहे. कापड पुतळ्यावर नीट कळत नाही, अंगावरच कळते, असे सांगून मास्तर तिथे मुलींना कपडा घालून बघायला बोलावत. दाराला आतून कडी होती. मी ती स्क्रू काढून घरी आणली. महिन्याभरात नवी लागली. तीही आणली. असे पाच वेळा झाले. कपडा घालून बघायला आतून कडी कशाला लागते, हे पाचही वेळा मी मालकांना विचारले. त्यांनी दर वेळी सुताराला बोलावले.

कलम ४. साक्ष. माझ्या जवळची ही सगळ्यात मोलाची वस्तू आहे, म्हणून ती नीट मांडते.

फेब्रुवारीच्या सतरा तारखेला दुपारी चारला दहा कमी असताना मी खडू आणायला ट्रायलच्या खोलीचे दार ढकलले. पाचवी कडी मी आदल्याच आठवड्यात काढली होती आणि सहावी अजून लागली नव्हती, म्हणून दार उघडले. मास्तरांनी काजवालीला इस्त्रीच्या टेबलाला रेटून धरले होते. त्यांचा हात तिच्या अंगातल्या कच्च्या टाक्यांच्या कुडत्यात होता. ती म्हणत होती, “मास्तर, सोडा.” हे मी माझ्या कानांनी ऐकले. मला बघून त्यांनी हात काढला आणि म्हणाले, “छातीचं माप घेत होतो.” त्या खोलीत आणि सॅम्पल रूममध्ये मिळून मापाची टेप एकच होती, आणि ती त्या वेळी माझ्या गळ्यात होती.

मुलीने दुसऱ्याच दिवशी लेखी तक्रार केली. तेव्हापासून ती गोदामात धागे कातरत बसली आहे आणि मास्तर आपल्या खुर्चीवर आहेत. तक्रार समितीची सुनावणी चार वेळा पुढे गेली. एकदा मास्तरांना ताप आला, एकदा मालक परगावी गेले, एकदा मीटिंगच्या खोलीची किल्ली सापडेना. चौथ्यांदा कारण सांगायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. आता पुढचा सोमवार दिला आहे, आणि मी त्याआधीच्या गुरुवारी टेबलावर असेन. बघणारी मी एकटीच आहे. मी गेले तर ती मुलगी खोटारडी ठरून घरी बसेल, हे न कळायला मी काही कुकुले बाळ नाही.

पुतण्या त्याच कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि त्याला तिथे मास्तरांनी चिकटवले. दाखला घेऊन आम्ही घरी आलो त्याच संध्याकाळी त्याने त्याच पिशवीतून दुसरा कागद काढला. त्यावर टाईप केले होते: “त्या दिवशी काय पाहिले ते वयोमानामुळे मला नीट आठवत नाही.”

“सही कर ना आत्या. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“आणि तिच्या?”

“ती काय, पोरगी आहे. दुसरीकडे लागेल कुठेतरी.”

एका पिशवीत हे दोन्ही कागद घालून आणताना याच्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही, याचे मला नवल वाटते. मी सही केली नाही. कागद मात्र ठेवून घेतला आणि आज अकरा वाजता, वरची साक्ष, डॉक्टरांचा दाखला आणि तो कागद, तिन्ही समितीच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. आता पुतण्याने किंवा आणखी कुणी माझी आठवण कच्ची असल्याचे म्हटले, तर हे मृत्युपत्रही कच्च्या डोक्याने लिहिलेले ठरेल आणि घर चौघांत जाईल. बाळा, माझा तुझ्यावर जीव आहे. म्हणूनच इतके सोपे करून लिहिले.

कलम ५. शिलाई मशीन. हे लिहायला मला तीन दिवस लागले. बावीस वर्षांपूर्वी कॉलर शिवणाऱ्या एका बाईने याच मास्तरांविरुद्ध तोंड उघडले होते. मालकांनी मला बोलावून विचारले. मी म्हणाले, “माझी पाठ होती, मी काही पाहिलं नाही.” मी सगळे पाहिले होते. मला नोकरीची भीती वाटली. तिला काढून टाकले. पहिली कडी मी त्यानंतरच्या आठवड्यात काढली. त्याने तिचे काही भले झाले नाही.

मशीन तिला द्यायचे ठरवून मी परवा तिच्याकडे गेले. ती जुन्या कपड्यांच्या चेन बदलून देते. मी सगळे सांगितले. तिने हातातले काम थांबवले नाही.

“मशीन आहेत माझ्याकडे, दोन,” ती म्हणाली. मग दातांनी दोरा तोडून, “साक्षीदार कोण आहे तुझ्या कागदाला?”

“एक शेजारी आहेत. दुसरं कुणी तयार नाही. कारखान्यातले सगळे मूग गिळून बसलेत.”

“ज्याला काही मिळणार, त्याची सही चालत नाही ना?”

“नाही.”

“मग मला काही देऊ नकोस.”

म्हणून मशीन कुणालाच लिहून देत नाही. वहिनीने विकावे किंवा ठेवावे. माफी मी मागितली नाही, कारण तिने ती देण्याचा विषय काढला नाही.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. गुरुवारी वाचले तर सोमवारी समितीपुढे स्वतः जाईन, खुर्चीवर बसवून न्यावे लागले तरी. मग हा कागद नुसता पडून राहील आणि मला फार आनंद होईल.

ठिकाण: माझ्या घरी, कापडाच्या टेबलावर.
तारीख: नऊ जून, मंगळवार, संध्याकाळी सहा.

सही: सॅम्पलताई

साक्षीदार पहिला: शेजारी, निवृत्त पोस्टमन. लिहिणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. बाई शुद्धीत आहेत, माझ्या अक्षराला नावे ठेवत आहेत.

साक्षीदार दुसरी: कॉलरवाली. हिने सही केली तेव्हा मी समोर बसले होते. मी पाहिले. कुणीही, कधीही विचारले तरी हेच सांगेन.