वळणावरच्या चाव्या

॥ श्री ॥

हरिपूर (सांगली)
शुक्रवार, १० मे १९७४, सकाळचे पावणेसात

ती. जोतीरामदादांस, धाकट्या कृष्णातचा सा. न. वि. वि.

पेवात सोडलेला कंदील आत्ताच वर ओढला. ज्योत विझली नाही, म्हणजे आतली हवा चांगली आहे. हमाल खाली उतरले आहेत. ते पोती भरेपर्यंत हे लिहून घेतो. वहिनी नेहमीप्रमाणे वाचून दाखवतीलच.

तुमच्या रेल्वे संपाचा आज तिसरा दिवस. इकडची हकीकत अशी की परदेशातल्या व्यापाऱ्याची तार आली, म्हणून शेठजींनी गेल्या महिन्यात हळदीची तीन पेवं फोडली. बोट या महिनाअखेर मुंबईहून सुटणार आहे. संप होणार नाही, सरकार मिटवून घेईल, असं शेठजी सर्वांना सांगत होते. पेवात जमिनीखाली हळद कितीही वर्षं राहते, पण एकदा तोंड फुटलं की पेव पुरतं रिकामं करावंच लागतं, आणि वर काढलेल्या हळदीला वळवाचा पाऊस लागला की कीड धरते. वखारीत पोती छताला टेकली आहेत आणि वॅगन एकही नाही. ट्रकवाल्यांनी भाडं तिप्पट केलं आहे. निम्मे हमाल दारात बसून आहेत. ते मला चिडवतात की तुझ्या भावानं आमची चूल विझवली.

मी तीन वर्षं इथे रोजंदारीवर कारकुनी करतो, हे तुम्हाला माहीतच आहे. हा माल बोटीवर चढला तर तुला कायम करतो, असं शेठजी दिवाणजींसमोर म्हणाले. म्हणजे तुमच्या मागण्या पुऱ्या होईपर्यंत माझी मागणीही अडून आहे. आठ तासांचं काम आणि बोनस तुम्हाला मिळायलाच हवा. पण कामावर न येणाऱ्यांना काढून टाकणार, क्वार्टरमधून बाहेर घालणार, असं पेपरात रोज येतं. वाचून रात्री झोप लागत नाही. रागावू नये, पण हजर होण्याचा विचार करावा.

चि. छबीस गोड पापा. धाकट्यावर आजवर माया केलीत, ती या पत्रानं उणी होऊ नये.

आपला
कृष्णात

---

वाठार स्टेशन
१४ मे

चि. कृष्णातभावजींस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

आमी समदी खुशाल हाय. खुशाल लिवायचं असतंय म्हणून लिवलं.

तुमचं दादा घरात न्हाईत. कुठं हाईत ते मला ठावं न्हाई, आन ठावं असतं तरी कागदावर लिवलं नसतं. पोलीस दोनदा येऊन गेलं. दुसऱ्या खेपेला साहेबाचा माणूस संगं व्हता. तो म्हणाला, संपवाल्याला क्वार्टर न्हाई. माझी चूल, भांडी, छबीचा पाळणा समदं लिंबाखाली मांडलंय. त्यांच्या गँगच्या यल्लाप्पा मुकादमाचा संसार बी शेजारीच हाय. सावली मात्र लय गार. क्वार्टरात एवढी नव्हती.

तुमचं पत्र मी पाठ केलं आन जिथं पोचायचं तिथं पोचवलं. तुमच्या दादांचा निरोप आलाय तो हाय तसा लिवते. कृष्णाला म्हणावं, चौदा वर्षं रूळ राखला. सणाला बी राखला, तापात बी राखला. माझ्या गँगची माणसं एका शब्दावर उठली. मी एकटा जाऊन बसलो तर उद्या त्यांच्या जोडीनं पहार कशी उचलू? तुझी नोकरी कायम व्हावी म्हणून सिद्धनाथाला नारळ बोललोय. त्याउप्पर माझ्याकडं द्यायला काय न्हाई.

नोकरी झाली की म्हसवडच्या पावण्यांला मी बोलावणार हाय. पोरगी लय बोलकी हाय. तुमी काळजी करायची आन तिनं बोलायचं, जोडा जमंल.

जेवत जावा. आमची सय ठेवा.

तुमची वहिनी
रंगूबाई

---

॥ श्री ॥

सांगली
शुक्रवार, १७ मे, दुपारी जेवणाच्या सुट्टीत

सौ. वहिनींस, कृष्णातचा सा. न. वि. वि.

टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र एस.टी.चे कंडक्टर मानसिंगराव यांच्या हाती देत आहे. लिंबाखालच्या संसाराचं वाचलं. सोबत वीस रुपये आहेत, ते ठेवून घ्यावेत.

इकडे वॅगन मिळाल्या. परदेशी जाणारा माल म्हणजे सरकारला परकीय चलन, असं सांगून शेठजींनी वरपर्यंत खटपट केली. रविवारी संध्याकाळी पहाऱ्यातली मालगाडी निघेल, तिला आमच्या दोन वॅगन जोडणार आहेत. बाहेरून आणलेला ड्रायव्हर आहे. मालाबरोबर माणूस हवा, म्हणून गार्डाच्या डब्यात मला बसवणार. पहाटेच्या आधी गाडी वाठारवरून जाईल. मी नाही म्हणू शकलो नाही. म्हटलं असतं तर दिवाणजींचा मेव्हणा तयारच होता.

वहिनी, खरं सांगायचं तर मला भीती वाटते. दादा म्हणायचे की मे महिन्यात उन्हानं रूळ वाढतो, आणि वाठारच्या पुढच्या धोंड्याच्या वळणावर रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल होतात. रोज हातोडा फिरला नाही तर त्या बोटानं हलतात. लहानपणी मी त्यांच्यामागून चालत असे. चावी ठोकून झाली की ते डबीतल्या चुन्याचं बोट तिच्यावर टेकवत, म्हणजे कुठवर आलो ते कळतं. आता संप लागल्यापासून त्या वळणावर कोण फिरलं असेल?

हे दादांच्या कानावर घालू नका. त्यांच्या डोक्याला आधीच पुष्कळ ताप आहे. मुंबईहून परतलो की लगेच लिहीन.

आपल्या पायांशी असलेला
कृष्णात

---

वाठार स्टेशन
२१ मे

चि. कृष्णातभावजींस, आशीर्वाद.

तुमची गाडी सुखरूप गेली ह्ये मला ठावं हाय. लिंबाखाली जागी बसून मी ती ऐकली.

तुमी नका सांगू म्हणाला व्हता. मी सांगितलं. तुमच्या जागी माझा भाव असता तर तुमी बी सांगितलं असतं.

तुमच्या दादांनी ऐकून घेतलं. रविवारी दिवस मावळता आले, पाळण्यामागनं हातोडा काढला आन वळणाकडं गेले. गाडी गेल्यावर पहाऱ्यावाल्यांनी त्यांनला तिथंच धरलं. हातात हातोडा, अंगावर चुना. चाव्यांवर चुन्याचं ठिपकं दिसलं, तर पोलीस म्हणत्यात की ह्या उपसायच्या चाव्यांच्या खुणा हाईत, रूळ उखडायचा बेत व्हता. मी जीव तोडून सांगितलं, पन संपवाल्याच्या बायकोचं कोण खरं धरतंय? आन ते सोता तोंडातनं अक्षर काढंनात.

लवकर या. दुसरं काय लिवू?

रंगूबाई

---

वाठार स्टेशन
२४ मे

चि. कृष्णास, दादाचा आशीर्वाद. भेटीला सोडलं तवा मी सांगितलं, ते तुझ्या वहिनीनं ध्यानात ठेवून लिंबाखाली येऊन लिवलं.

तू गाडीतनं सुखरूप उतरलास, माझं काम झालं. आता काल तू आलास आन साहेबाला सांगतो म्हणालास, ते मनातनं काढ. मी चाव्या ठोकत व्हतो असं सांगितलं की मी कामावर व्हतो असं व्हतंय. कामावर व्हतो म्हणजे संप फोडला. गँगमधली माणसं बायकापोरं उघड्यावर टाकून बसल्यात. त्यांच्या तोंडावर मी थुकू काय? मी सरकारचं काम केलं न्हाई. माझा भाव त्या गाडीत व्हता म्हणून गेलो. पन सरकारच्या कागदावर भावाला रकाना न्हाई. तवा तू गप ऱ्हायचं. माझी शपथ हाय.

दादा

वरचं समदं त्यांचं. खालचं माझं, ते त्यांनला वाचता येत न्हाई म्हणून लिवते. वकील म्हणतो, ह्या कलमाला लय वर्षं पडत्यात. छबी अजून चालत न्हाई, भावजी. मी तुमाला काय सांगितलं न्हाई असं धरा.

---

॥ श्री ॥

सांगली
रविवार, २ जून १९७४, सकाळी आठ, वखारीची मोकळी पोती झाडून घड्या घातल्यावर

ती. दादांस, कृष्णातचा सा. न. वि. वि.

तुम्ही सुटल्यापासून माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. म्हणून मी काय केलं ते क्रमानं लिहितो. वहिनींनी पुढचं वाक्य जरा मोठ्यानं वाचावं: वहिनींनी मला काहीही सांगितलेलं नव्हतं.

तुमची शपथ मी मोडली, पण आधी यल्लाप्पा मुकादमांना विचारलं. लिंबाखाली त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, आणि गँग नको म्हणाली तर मी गप्प राहीन, असंही म्हणालो. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले की जोत्यानं आधी मला सांगायला पायजे व्हतं, येवढं वळण एकट्यानं व्हत न्हाई, दुसरा रूळ मी धरला असता. तुमच्याबद्दल ते एवढंच बोलले. उठले आणि माझ्याबरोबर चालू लागले.

पोलीस आणि रेल्वेचे साहेब यांना आम्ही वळणावर घेऊन गेलो. मुकादमांनी ठिपका असलेली चावी साहेबांच्या हातानं हलवून बघायला लावली. ती हलेना. ठिपके संपले तिथून पुढची हलवायला सांगितली. ती हलली. गाडी त्या सैल चाव्यांवरूनही गेली होती.

मी साहेबांना म्हणालो की माझा भाऊ माझ्यासाठी आला होता, तसंच लिहा. साहेब हसले. म्हणाले, एक तर तो कामावर होता, नाही तर रूळ उखडत होता. तिसरं लिहायला जागा नाही. मी ‘कामावर’ या जबानीखाली सही केली. एकनिष्ठ कामगाराचा भाऊ म्हणून रेल्वेत मला चिकटवून घेण्याचा कागदही त्यांनी दिला. तो मी परत केला. तो घेतला असता तर तुमच्यासमोर उभं राहता आलं नसतं.

संप तर त्याच दिवशी मागे घेतला. वहिनींनी कळवलं की तुमचं नाव हजेरीवर आहे, पण बाकीच्यांना घेईपर्यंत तुम्ही हातोडा उचलत नाही आणि लिंबाखालीच राहता. मला हे ठाऊकच होतं.

हळद बोटीवर चढली. शेठजी म्हणतात, कायम करण्याचं दिवाळीनंतर बघू. दिवाणजींच्या मेव्हण्याला मात्र आत्ताच घेतलं.

माझं चुकलं असं मी लिहिणार नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सही करीन. राग ओसरेल तेव्हा दोन शब्द धाडावेत. तोवर मी रोज टपालवाल्याची वाट बघेन.

झालेला खर्च: वकील, पंचवीस रुपये. एस.टी., दोन खेपा, बावीस रुपये चाळीस पैसे. छबीचं झबलं, साडेचार रुपये. चुन्याची नवी डबी, साठ पैसे, कारण जुनी पोलिसांनी ठेवून घेतली. एकूण साडेबावन्न रुपये. त्यातले दहा यल्लाप्पा मुकादमांचे देणे आहेत, ते मी फेडीन. तुमच्याकडे फक्त डबीचे साठ पैसे निघतात. ते टपालानं घेणार नाही. डबी माझ्याजवळ आहे. पैसे घेऊन तुम्ही यावं.

कृष्णात