चुन्याचा ठिपका

ओणी, ता. राजापूर
गुरुवार, दि. २० नोव्हेंबर २०२५

चि. राही हिला आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तू ट्रॅव्हल्सवाल्या लवूच्या हातून गाडीचा फोटो आणि चिठ्ठी धाडलीस त्याला आज अठरा दिवस झाले. 'आबा, उत्तर तुमच्या अक्षरातच पाहिजे, फोन चालणार नाही,' असे तू लिहिले होतेस. माझे शिकणे चौथीपर्यंतचे. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद चुलीत घातला. का घातला ते पुढे येईल. पण राही, हे पत्र अर्धे वाचून ठेवू नकोस. रविवारी तू तुझ्या आईला घेऊन गाडीने केळशीला निघणार आहेस. त्याच्या आधी हे शेवटपर्यंत वाच.

इकडे सर्व ठीक आहे. भात झोडून झाले. कलमांना अजून पालवीच आहे, मोहोराचे नाव नाही. तुझी शमिका मामी बरी आहे. मामा मुंबईहून पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. माझा खोकला कमी आहे. जेवण जाते.

फोटोत गाडी चांगली दिसते. खोटे कशाला बोलू, मला आधी आवडले नव्हते. चाळीस वर्षे मी चिरेखाणीच्या ट्रकांच्या स्प्रिंगचे पाटे बसवले. चिऱ्यांच्या वजनाने खाली बसलेली गाडी वर उचलायची हे माझे काम. आणि माझीच नात मुंबईकडून चांगली उभी असलेली गाडी घेऊन येते आणि म्हणते, "आबा, हिला खाली बसवायचीय."

मी म्हणालो, "कातळावर पोट घासून घेणार काय गो?"

तू म्हणालीस, "घासली तर तुम्ही मलम लावा."

तेव्हा मांगरात, माझ्या हत्यारांच्या खोपीत बसून आपण किती भांडलो, आठवते ना? नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने तुला स्प्रिंगचे दीड वेढे कापून टाकायला सांगितले होते. मी म्हटले, कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही, एखाद्या खड्ड्यात चाक लोंबकळले की जागची सरकेल. मग तू फोनवर ते आटे फिरवून हवे तसे वरखाली करायचे शॉकप दाखवलेस. त्यावर मी म्हटले, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ते आटे दोन पावसाळ्यांत गंजून धरतील. शेवटी पस्तीस मिलिमीटरने आखूड स्प्रिंगा आणि त्यांच्या मापाचे आखूड शॉकप असे ठरले. स्प्रिंग आखूड आणि शॉकप जुना ठेवला तर तो रोज तळाला आपटून फुटतो, हे मी सांगितल्यावर तू म्हणालीस, "आबा, तुम्हाला इंटरनेटवर टाकायला पाहिजे." त्या दिवशी मला फार बरे वाटले. दुकान बंद केल्यापासून कोणी मला काही विचारले नव्हते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण काम काढले. मागच्या दोन्ही बाजू आधी केल्या. रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत, चाके जमिनीला टेकली, गाडी बसली, की मगच शेवटचे आवळायचे, हे तू वाचून आली होतीस. मी म्हटले, आम्ही तर पाटे बसवल्यावर ट्रक चिऱ्यांनी भरून आणायला लावायचो आणि भरल्या गाडीखाली शिरून पुन्हा आवळायचो. तू हसलीस. "म्हणजे आबा तेव्हापासूनच बरोबर," म्हणालीस.

पुढचे डावे चाक आपण दोघांनी केले. शॉकपच्या तळाशी दोन जाड बोल्ट असतात. चाकाचा सगळा सांधा त्या दोघांवर उभा असतो. ते मी आवळले आणि कमरेच्या डबीतला चुना बोटावर घेऊन दोन्ही नटांवर ठिपका दिला. तू विचारलेस म्हणून रावजी मिस्त्रींची गोष्ट सांगितली. त्यांनी मला काम शिकवले. त्यांचा नियम एकच. शेवटचे आवळले की ठिपका. पाना खाली ठेवण्याआधी ठिपका, आणि ठिपक्यानंतर पुन्हा पाना नाही. ठिपक्याशिवाय गाडी दारातून हलायची नाही. माझ्या ठिपक्यासाठी पार हेदवीहून ट्रक यायचे. ड्रायव्हर वाकून बघायचा आणि काही न विचारता गाडी चालू करायचा.

आता उजव्या चाकाचे लिहितो. इथेच तीनदा कागद जाळला.

उजवा शॉकप आपण जागेवर चढवला, बोल्ट आत सरकवले, नट हाताने लावले. एवढ्यात तुझ्या ऑफिसचा फोन आला आणि तू बोलत बोलत बाहेर खळ्यात गेलीस. मी मोठा पाना उचलला. पान्याचा गारवा हाताला लागला तेही आठवते. त्याच्या पुढचे काही आठवत नाही, राही. पुढचे आठवते ते मी विहिरीच्या पायरीवर बसलोय, पाना मांडीवर आहे आणि तू समोर उभी.

तू विचारलेस, "आबा, झालं?"

मी म्हणालो, "झालं."

"ठिपका दिलात?"

"दिला."

तू गेलीस आणि चाक चढवलेस. मी उठून बघितले नाही. उठलो असतो तर तू विचारले असतेस, आबा काय बघताय. मी काय सांगितले असते? मी विहिरीवर कसा आलो हेच मला ठाऊक नव्हते. रविवारी तुम्ही दोघी खिडकीतून हात हलवत गेलात. तुझी आई म्हणाली, "आबा, जपा." गाडी वळणाआड गेली तरी मी दगडी गडग्याला धरून उभा होतो. पनवेलला पोहोचल्याचा फोन येईपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायलो नाही.

पोहोचलात तेव्हा मनाला म्हटले, एवढा घाट उतरून-चढून गाडी गेली म्हणजे बोल्ट आवळलेलेच असणार. मग तुझी चिठ्ठी आली. 'स्पीडब्रेकरवर उजवीकडून टक असा आवाज येतो, नवीन पार्ट आहेत, बसतील हळूहळू ना?' असे तू लिहिलेस. फोनवरही तेच विचारलेस. मी म्हणालो, "हो, बसतील." हे माझे दुसरे खोटे. नवीन पार्ट टक करत नाहीत, राही. सैल बोल्ट टक करतो. आज हाताने फिरत नसला तरी रोज थोडा थोडा सुटत जातो, आणि एक दिवस चाक आपल्या मनाने वळते.

तू म्हणशील, आबा, फोन करून सांगायचे होते. दोनदा लावला. माझ्या कानाला फोनवरचे नीट पोहोचत नाही म्हणून शमिका तो मोठ्या आवाजावर ठेवते आणि बाजूला उभी राहते. तू म्हणालीस, "बोला आबा." आणि मी विचारले, "तिकडे थंडी आहे काय?" दुसऱ्यांदा विचारले, "जेवलीस काय?" शमिका वाईट नाही. पण तिने हे ऐकले की मामाला कळेल, मामा मला मुंबईला नेईल आणि मांगराला कुलूप लागेल. माझे भाऊ शिवा, तुझे थोरले आजोबा, तू त्यांना पाहिले नाहीस. शेवटी ते स्वतःच्याच पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "हे घर कोणाचे? मला माझ्या घरी सोडाल काय?" त्यांचेही पहिल्यांदा असेच थोडे थोडे सुटले होते. मला त्याचीच भीती वाटते. या भीतीपायी मी तुला इतके दिवस त्या गाडीत बसू दिले, हे लिहिताना माझा मलाच राग येतो.

परवा तुझी आई म्हणाली की गाडी रंगाला दिलीय, शनिवारी संध्याकाळी मिळेल, रविवारी पहाटे केळशी. तेव्हा मी ठरवले होते, एवढेच लिहायचे, की उजवे चाक काढून बघ, दोन्ही नटांवर ठिपका असेल तर निश्चिंत जा. असा कागद लिहूनही झाला होता. तो तिसरा कागद.

तो का जाळला ते सांगतो. काल सकाळी शमिका साखरेचा डबा घेऊन आली. झाकणावर चुन्याचा ठिपका. "आबा, साखर आवळलीत काय?" म्हणाली आणि हसत आत गेली. मीही हसलो. मग उठलो आणि घरभर बघत फिरलो. खिडकीच्या बिजागरीवर ठिपका. माझ्या खाटेच्या पायावर ठिपका. विहिरीच्या पंपाखाली चार बोल्ट आहेत, चारांवर ठिपके. मी वाकून त्यांतला एक नट दोन बोटांनी धरला, तर तो फिरला. माझ्या ठिपक्याखालचा नट, राही, बोटांनी फिरला. घरात येऊन तो कागद चुलीत घातला.

म्हणून आता सांगतो ते ऐक. ठिपका शोधू नकोस. असला तरी मानू नकोस. गाडी रंगाच्या दुकानातून चालवत आणू नकोस, तिथेच एखादा चांगला मिस्त्री बोलाव. चारही चाके काढायला लाव. मी हात लावलेला एकूण एक नट त्याला जोर मोजणाऱ्या मापाच्या पान्याने आवळू दे, पुढचे उजवे आधी. त्या दोन बोल्टांच्या जागी नवे घाल. तो विचारील, हे कोणी बसवले. माझे नाव सांग. लाजू नकोस.

आणि काय निघाले ते मला खरे खरे कळव. सैल निघाला तर सैल म्हण. तू माझी समजूत काढायला 'घट्टच होता आबा' म्हणशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तसे करू नकोस. सैल असेल तर मी स्वतःच मांगराची किल्ली शमिकाच्या हातात देईन आणि मामाला सांगेन. ते मी करीन. पण ते कोणीतरी मला सांगायला हवे, आता माझे मला कळत नाही.

लवू आज संध्याकाळी ट्रॅव्हल्स घेऊन निघतो, उद्या सकाळी तुझ्या दारात येईल. पत्र तुझ्या हातातच द्यायचे, असे त्याला दोनदा बजावले आहे. दोनदाच ना, की तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा सांगू, कळत नाही.

सविस्तर उत्तर मागाहून लिही. पण पत्र वाचून होताच, तशीच उभ्या उभ्या, फोन कर. शमिकाने उचलला तरी चालेल. तिला एवढेच सांग, "आबांना म्हणावं, गाडी उभी आहे." ती मला येऊन सांगेल, तिला काही कळणार नाही. उद्या सकाळपासून मी फोनजवळच बसतो. राही, हे कळवायला उशीर करू नकोस.

तुझा,
आबा